धक्क्याला इंजिन ठणठणीत, समुद्रात बंद: काय तपासायचं आणि मिस्त्रीला काय सांगायचं

बोट धक्क्याला असताना इंजिन पहिल्या सेल्फला उठतं. मिस्त्री येतो, अर्धा तास कान लावून ऐकतो, एक-दोन नट आवळतो आणि म्हणतो, "काही नाही, मस्त चाललंय." दोन दिवसांनी तीच बोट दुसऱ्या बोटीच्या दोरीला बांधून घरी येते. गेल्या हंगामात आमच्याकडे हे चार वेळा झालं. चौथ्या वेळी खरं कारण सापडलं. ते इतकं साधं होतं, आणि त्याच्या आधीचा खर्च इतका मोठा, की ज्यांच्या बोटीला असाच त्रास आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं.

आमची बोट वेसाव्याची (मुंबईतल्या वर्सोव्याची), डोलीची, म्हणजे डोल जाळ्याने मासेमारी करणारी. सहा सिलेंडरचं डिझेल इंजिन, चारशे लिटरची लोखंडी टाकी. बोट दादूस, म्हणजे माझा थोरला भाऊ, चालवतो; तांडेल (बोटीवरचा प्रमुख) तोच. मी बोटीवर जात नाही. डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा, मासळीचा भाव, सगळा हिशेब मात्र माझ्या वहीत असतो.

पहिल्यांदा इंजिन बंद पडलं ते नोव्हेंबरात. दादूसने सांगितलं ते असं: आधी आवाज वर-खाली व्हायला लागला, रेस (वेगाचा दांडा) न हलवता इंजिन आपोआप चढायचं आणि उतरायचं, मग दोन गचके देऊन थांबलं. त्याने हँड पंप मारून डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली, इंजिन उठलं, अर्धा तास चाललं, पुन्हा तेच. शेवटी शेजारच्या बोटीने ओढून आणलं. मिस्त्री आला, नोझल (इंजिनात डिझेल फवारतात ते) काढून नेले, दोन बदलले. पुढचे पंधरा-वीस दिवस बोट छान चालली. दुसऱ्यांदा बंद पडल्यावर टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप नवा बसला. पुन्हा काही दिवस छान. तिसऱ्यांदा नोझलला दाबाने डिझेल देणारा मोठा पंप उतरवून कॅलिब्रेशनला (माप तपासून सेट करायला) गेला, आणि त्या आठवड्यात आमच्या दोन फेऱ्या बुडाल्या. चौथ्यांदा मिस्त्री म्हणाला, "इंजिनच थकलंय. उतरवून पूर्ण काम काढावं लागेल." आई काही बोलली नाही. तिच्या हातात तेव्हा एकच पाटली उरली होती.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. खरं तर कर्ज किती लागेल ते बघायला. चारही तारखांना खूण केली आणि प्रत्येक खुणेच्या वरच्या-खालच्या ओळी वाचायला लागले. चारही वेळा आम्ही त्या फेरीला डिझेल भरलं नव्हतं. एकदा मच्छीमार सोसायटीच्या पंपावर डिझेल उशिरा आलं होतं, दोनदा करंदीला भाव नव्हता म्हणून हातात रोकड नव्हती, एकदा फेरी लहान आहे म्हणून आहे त्यावर निघाले होते. आणि आधीच्या तिन्ही वेळा दुरुस्तीच्या खर्चाखालची पुढची ओळ एकच: "डिझेल, टाकी फुल."

म्हणजे दर वेळी मिस्त्री काहीतरी बदलायचा आणि त्याच दिवशी आम्ही टाकी भरायचो. बोट चालायची ती भरलेल्या टाकीमुळे, श्रेय मिळायचं नव्या पार्टला. इंजिन किती तास चाललं ते दादूस सांगतोच, आमचं इंजिन तासाला साधारण अकरा लिटर पितं हेही माहीत होतं. गुणाकार केला तर चारही वेळा टाकीत साधारण दीडशे-एकशे साठ लिटर उरलेलं असताना ते बंद पडलं होतं.

सकाळी दादूसला दाखवलं. तो म्हणाला, "टाकीत दीडशे लिटर असताना इंजिनला डिझेल मिळत नाही, हे कसं होईल?" प्रश्न बरोबर होता. उत्तर टाकीच्या आत होतं.

टाकीच्या झाकणापासून तळापर्यंत एक उभी पाइप जाते, तीतून फीड पंप डिझेल ओढतो. ती पाइप बाहेर काढली. झाकणापासून दीड फुटावर वेल्डिंगचा एक जुना जोड होता. गंज घासून काढला तरी डोळ्यांना काही दिसेना. मग खालचं तोंड बुचाने बंद केलं, पाइप साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवली आणि वरून सायकलच्या पंपाने हवा मारली. जोडाच्या एका कडेने मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर यायला लागले, माळ ओवावी तसे. सुईचं टोक जाईल एवढं भोक. टाकीतलं डिझेल त्या भोकाच्या वर असेल तोवर भोकातूनही डिझेलच ओढलं जातं, कुणाला काही कळत नाही. पातळी भोकाच्या खाली गेली की तिथून हवा शिरते. आमची टाकी अडीच फूट उंच. दीड फूट रिकामी म्हणजे उरलेलं डिझेल एकशे साठ लिटर. वहीतला आकडा आणि पाइपवरचं भोक एकाच जागी आले.

नवी पाइप अखंड घेतली, मध्ये जोड नाही. गॅल्वनाइज्ड घेतली नाही, कारण त्यावरचं जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि पुढे फिल्टर आणि नोझलला त्रास देतं. खालचं टोक तळापासून दोन बोटं वर ठेवलं, म्हणजे तळाचा गाळ सरळ ओढला जात नाही. एवढंच काम. इंजिन उतरवावं लागलं नाही.

इंजिन कसं मेलं ते आधी आठवा

आमचं कारण तुमचं असेलच असं नाही. पण "समुद्रातच बंद पडतं" या तक्रारीची बहुतेक कारणं डिझेल टाकीतून मोठ्या पंपापर्यंत येतं त्या वाटेवर असतात, आणि इंजिन बंद पडताना ते स्वतःच बरंच सांगून जातं. फक्त त्या क्षणी बोटीवरची माणसं घाबरलेली असतात, नंतर सगळ्यांना एवढंच आठवतं की "बंद पडलं". म्हणून तांडेलाला आधीच सांगून ठेवा की पुढच्या वेळी हे बघ.

आवाज चढ-उतार करत, लंगडत मेला आणि हवा काढल्यावर पुन्हा उठला, तर कुठून तरी हवा शिरतेय. आमचं हेच होतं.

रेस वाढवली की दम सुटतो, कमी केली की बरं चालतं, आणि हे हळूहळू वाढत जातं, तर वाट तुंबलीय. फिल्टर, टाकीच्या तोंडाची जाळी, किंवा आतून सुजलेली जुनी रबरी पाइप. ही पाइप बाहेरून अगदी चांगली दिसते, आतला थर मात्र सुटून पडद्यासारखा लोंबतो आणि जोराची ओढ लागली की वाट बंद करतो.

तास-दीड तास चालून मेलं, थोडा वेळ थांबल्यावर आपोआप पुन्हा सुरू झालं, तर टाकीची हवेची नळी बंद असायची दाट शक्यता. डिझेल जातं तेवढी हवा टाकीत आली पाहिजे. ती आली नाही तर आत ओढ तयार होते आणि फीड पंपाला डिझेल खेचवत नाही. याची परीक्षा फुकट आहे: इंजिन मरायला लागलं की टाकीचं झाकण सैल करा. "सुस्स" आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर निदान झालं. नळीच्या तोंडात रंगाचा थर, मीठ किंवा गांधीलमाशीचं मातीचं घर असतं. दर वर्षी रंगकाम होतं तेव्हा ब्रश मारणाऱ्या पोराला ही नळी दाखवून ठेवा.

इंजिन ठोकायला लागलं, पांढरा धूर आला, गचके देऊन मेलं आणि हवा काढूनही उठेना, तर डिझेलमध्ये पाणी. अशा वेळी सेल्फ मारत बसू नका, बॅटरी जाईल आणि पाणी पंपात जाईल ते वेगळं. आधी फिल्टरखालची काच बघा. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते.

आणि दिवा विझावा तसं, एका झटक्यात, कुठलीही लंगड न देता बंद झालं तर डिझेलच्या मागे लागण्याआधी स्टॉप सोलेनॉइडची (इंजिन बंद करणाऱ्या विजेच्या भागाची) वायर बघा. खाऱ्या हवेत तिचं टोक हिरवं पडून सुटलेलं असतं. पाच मिनिटांच्या कामासाठी लोकांनी पंप उतरवलेले मी पाहिले आहेत.

टेंपरेचरचा काटा चढून इंजिन जड होत मेलं, तर तो विषयच वेगळा. आमच्या खाडीत ओहोटीला बोटी चिखलात बसतात आणि पाण्यात प्लास्टिक इतकं आहे की बाहेरचं पाणी ओढणारं तोंड पिशवीने बंद होणं रोजचं झालंय. आधी ते तोंड, मग गाळणी, मग रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चक्र). इम्पेलरची पाती तुटली असतील तर तुटलेले तुकडे मोजून शोधा, ते पुढे कूलरच्या नळ्यांत जाऊन अडकतात आणि महिन्याभराने पुन्हा छळतात. मागून काळा धूर आणि रेस पूर्ण मिळत नाही, अशी तक्रार असेल तर इंजिन उघडण्याआधी बोटीच्या पंख्याला (प्रॉपेलरला) दोरी किंवा जाळं गुंडाळलंय का, बुडाला शिंपले किती लागलेत, ते बघा.

कॅनची परीक्षा

सगळ्यात जास्त पैसे जिने वाचतात ती ही. एका स्वच्छ कॅनमध्ये ताजं डिझेल घ्या. टाकीकडून येणारी पाइप सोडा आणि तिच्या जागी नवी पाइप लावून थेट कॅनमधून इंजिन चालवा. मग समुद्रात जा, जिथे आणि जितका वेळ चालवल्यावर त्रास होतो तितकं चालवा. कॅनवर इंजिन नीट चाललं तर दोष टाकी आणि तिच्या वाटेत. कॅनवरही तसंच मेलं तर दोष पुढे, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नोझल यांत. अर्धं इंजिन एका फेरीत बाद होतं.

दोन गोष्टी विसरू नका. पहिली, रिटर्नची पाइपही कॅनमध्येच सोडायची. इंजिन जितकं डिझेल ओढतं त्यातलं बरंचसं परत सोडतं. रिटर्न टाकीत गेला तर कॅन भराभर रिकामा होतो आणि इंजिन पुन्हा बंद पडतं, मग तुम्हाला वाटतं दोष पुढचाच आहे. आम्ही पहिल्या वेळी हीच चूक केली आणि एक दिवस गमावला. दुसरी, कॅन घट्ट बांधा आणि तो उघडा असेपर्यंत बोटीवर चूल पेटवू नका, विडी ओढू देऊ नका. परीक्षेला दुसरी बोट सोबत घ्या.

पस्तीस लिटरच्या कॅनवर आमचं इंजिन जवळजवळ तीन तास चाललं, तेही टाकी अर्ध्याखाली असताना. दादूस परत आला तेव्हा खाडीच्या तोंडाशीच त्याने हात वर केला, मी लांबूनच ओळखलं.

हवा कुठून शिरते ते शोधताना लोक गळती शोधतात, आणि इथेच चुकतात. फीड पंपाच्या आधीचा भाग ओढीवर असतो. तिथे जोड सैल असला तरी इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून खाली कोरडं असतं आणि मिस्त्री म्हणतो, "कुठे लीक नाही." पारदर्शक पाइपचा वीतभर तुकडा टाकीच्या तोंडाशी लावा. तिथेच बुडबुडे दिसले तर दोष टाकीत किंवा टाकीच्या तोंडाशी. तिथे स्वच्छ, पण तोच तुकडा पुढे फिल्टरनंतर लावल्यावर बुडबुडे, तर मधला एखादा जोड. मग एकेका जोडावर घट्ट ग्रीस थापत जा. ज्या जोडावर ग्रीस लावल्यावर बुडबुडे थांबतात तो चोर. बहुतेक वेळा तांब्याचं वॉशर असतं, दहा वेळा उघडून आवळून कडक झालेलं. उघडलं की नवं टाकायचं, किंवा जुनं लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवून मऊ करून घ्यायचं. पारदर्शक तुकडा परीक्षेपुरताच ठेवा. साधी प्लास्टिकची नळी डिझेलने काही दिवसांत कडक होते, तडकते.

धक्क्यावर हे सगळं का दिसत नाही, तर धक्क्यावर इंजिन हळू चालतं, ओढ कमी असते. थोडी हवा आली तरी फिल्टरच्या वरच्या भागात साठत राहते आणि तेवढ्या वेळात मिस्त्री हात पुसून गेलेला असतो. शिवाय खाडीत बोट हलत नाही. बाहेर लाटेवर टाकी हलते, तळाचा गाळ उठतो, डिझेल एका बाजूला जातं.

मिस्त्रीशी कसं वागायचं

आमचा मिस्त्री फसवणारा माणूस नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण दुसऱ्या दुरुस्तीनंतर घरात त्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते चुकीचं होतं. त्याला आम्ही काय सांगितलं होतं? "काका, इंजिन बंद पडतं, नोझल गेले वाटतं." त्याने नोझल काढले. दोन खरंच थेंब गाळत होते. भरतीच्या दोन तासांत बोट पाण्यावर, डोक्यावर नाखवा (बोटीचा मालक) उभा, उद्या पहाटे निघायचंय असा घोशा. अशा वेळी हाताला जे खराब लागेल तेच तो बदलणार. जुन्या इंजिनात काही ना काही खराब सापडतंच.

म्हणून त्याला निदान सांगू नका, घडलं ते क्रमाने सांगा. निघाल्यापासून किती वेळाने, रेस किती होती, समुद्र कसा होता, टाकीत डिझेल किती होतं, शेवटचं कधी भरलं होतं, आवाज कसा गेला, धूर कुठल्या रंगाचा, काटे काय दाखवत होते, पुन्हा उठायला काय करावं लागलं. आम्ही आता ही वाक्यं वहीत लिहितो, बोट धक्क्याला लागली की त्याच संध्याकाळी. कारण सापडल्यावर मी वहीची ती पानं मिस्त्रीकाकांना वाचून दाखवली. त्यांनी टाकी फुलच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, हे मला नोव्हेंबरात सांगितलं असतंस तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, चहा मागवला.

एका वेळी एकच गोष्ट बदलू द्या. फिल्टर, फीड पंप आणि नोझल एकाच दिवशी बदलले आणि त्रास गेला, तर कशाने गेला ते कधीच कळणार नाही, आणि परत आला तर पुन्हा शून्यातून सुरुवात. आणि ट्रायल घेईपर्यंत टाकी भरू नका. बिघडली तेव्हा जी परिस्थिती होती तीच ठेवून तपासा, सोबत दुसरी बोट ठेवून. आमचे तीन महिने याच एका चुकीने गेले.

पैशाचं बोलणं काम सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर. पाण्यावरची ट्रायल धरून मजुरी किती, हे स्पष्ट विचारा. मिस्त्रीला सोबत समुद्रात नेणार असाल तर त्याचा तो दिवस बुडतो, त्याचे वेगळे पैसे द्यायला कां-कूं करू नका. आम्ही आता अर्धे पैसे काम झाल्यावर आणि अर्धे पहिली पूर्ण फेरी करून आल्यावर देतो. काकांना त्यात काही गैर वाटलं नाही, उलट म्हणाले की असं असेल तर मी स्वतःच येतो बोटीवर.

काढलेले जुने पार्ट परत मागा. यात अविश्वास नाही, ते आपले आहेत, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवायला तेच पुरावा असतात. नोझल तपासायचे असतील तर टेस्टरवर तुमच्यासमोर मारायला सांगा. चांगला नोझल बारीक धुकं सोडतो, खराब असेल तो धार सोडतो किंवा टोकाला थेंब धरतो. बघताना हात त्या फवाऱ्यासमोर नेऊ नका. तो दाब चामडी फोडून डिझेल आत घालतो. बाहेर टोचल्याएवढंच दिसतं आणि आत हाताचं बोट सडू लागतं. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा आणि कशाने लागलं ते सांगा.

मोठा पंप उतरवायला शेवटी परवानगी द्या. कॅनची परीक्षा, पारदर्शक तुकडा, टाकीचं झाकण, फिल्टर हे सगळं झाल्याशिवाय नाही. उतरवावाच लागला तर आधी टायमिंगची (पंप नेमका कसा बसला होता त्याची) खूण करून घ्या, जोडणीचे फोटो काढा, आणि कॅलिब्रेशनवाल्याकडून आधीचं आणि नंतरचं माप दोन्ही लिहून मागा. "साफ करून सेट केला" एवढ्यावर पैसे देऊ नका. आमच्या पंपाचं माप मागितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं की त्याला काहीच झालं नव्हतं.

तरीही समुद्रात बंद पडलं तर

आधी नांगर. हवा काढण्याच्या नादात बोट खडकाकडे किंवा जहाजांच्या वाटेवर वाहत जाते. आपल्या किनाऱ्यासमोर समुद्र बराच लांबपर्यंत उथळ आहे, नांगर लागतो. रात्र असेल तर दिवा लावा, व्हीएचएफ वायरलेसच्या १६ नंबर चॅनलवर सांगा, मोबाइलला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४. मग इंजिनाकडे वळा. बोटीवर हवा काढायला लागणारा पाना, दोन फिल्टर, तांब्याच्या वॉशरची पुडी, एक इम्पेलर, चार क्लिपा आणि दोन हात डिझेलची पाइप एका डब्यात ठेवा, डबा वंगणाच्या चिंध्यांखाली दडवू नका. आणि हवा कशी काढायची ते एकट्या तांडेलाला येऊन भागत नाही. आमच्याकडे आता चारही खलाशांना येतं. धक्क्यावर बसून दादूसने प्रत्येकाकडून डोळे मिटून करून घेतलं, कारण रात्री इंजिनच्या खोलीत ते तसंच करावं लागतं.

शेवटचं, मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांबद्दल. १ जून ते ३१ जुलै बोट वर असते आणि टाकी बहुतेकांची अर्धीमुर्धी भरलेली. पावसाळ्याच्या दमट हवेत टाकीच्या रिकाम्या भागात आतून पाणी सुटतं, भिंतीवरून ओघळून तळाला बसतं. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर काळी, चिकट शेवाळासारखी घाण वाढते. ऑगस्टात पहिली लाट लागली की ती उठते आणि फिल्टर तुंबतात. नारळी पुनव झाल्यावर पहिल्याच फेरीत इतक्या बोटी ओढून आणाव्या लागतात त्याचं एक मोठं कारण हे आहे. म्हणून जूनमध्येच टाकी पूर्ण रिकामी करून, तळापर्यंत हात घालून पुसून कोरडी करून ठेवा, नाहीतर काठोकाठ भरून ठेवा. अर्धी ठेवू नका. टाकी उघडलीच आहे तर ती उभी पाइप बाहेर काढा आणि बादलीत बुडवून बघा. मिस्त्रीलाही जूनच्या पहिल्या आठवड्यातच बोलावून ठेवा. जुलैच्या शेवटी सगळ्या कोळीवाड्यांना तो एकाच वेळी हवा असतो, आणि घाईत केलेल्या कामाचा त्रास पुढे समुद्रातच निघतो.

आमची जुनी पाइप मी टाकू दिली नाही. जोडाच्या जागी लाल रंगाची खूण करून ती धक्क्यावरच्या आमच्या खोपटात टांगली आहे. कुणी विचारलं तर दादूस ती काढून बादलीत बुडवतो आणि पंप मारून दाखवतो.